ठाणें-कल्याण प्रांतांतील कांहीं उत्सववाचक शब्द

जुने कागद वाचतांना सण, जत्रा, उरूस हे शब्द आपण सहज ओलांडून जातों. शब्द ज्या भाषेंतून आला त्या भाषेच्या लोकांचाच तो उत्सव, असें अनुमानहि त्यांवरून पुष्कळदां काढलें जातें. हें अनुमान कितपत टिकतें, तें ठाणें-कल्याण प्रांतांतील उदाहरणांवरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘सण’ याचें मूळ संस्कृत ‘क्षण’. क्षण म्हणजे केवळ निमिष नव्हे. अमरकोशांत उत्सवाच्या पर्यायांतहि तो आला आहे. त्याचें प्राकृत रूप ‘छण’. आणि छुरीची जशी सुरी झाली तसा छणाचा सण झाला. ‘शिमगा’ शब्दहि असाच जुना. हेमचंद्रानें बाराव्या शतकांत देशीनाममालेंत फाल्गुनोत्सवास ‘सुगिम्हअ’ हा शब्द नोंदिला आहे. त्यांत ‘ग्रीष्म’ उघड दिसतो, व वर्णविपर्ययानें त्याचाच शिमगा झाला. या प्रांतींच्या आगरी-कोळी वस्त्यांत तो आजहि नांदत आहे.

परंतु शब्दाचें वय तें उत्सवाचें वय नव्हे. ‘यात्रा’ म्हणजे मूळचें जाणें. पुढें देवाची मिरवणूक, आणि शेवटीं जमलेला मेळा. शके 982 (इ. स. 1060) चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवालयीं महाशिवरात्रीस भरते ती ‘जत्रा’ या शेवटच्या अर्थाची. उलट डोंबिवलींत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सुरू झालेली गुढीपाडव्याची ‘स्वागतयात्रा’ ही मिरवणूकच होय. उत्सव नवा, पण शब्द आपल्या जुन्या अर्थाकडे परतला.

परभाषांतून आलेल्या शब्दांचीहि तीच गोष्ट. ठाण्यांतील पोर्तुगीज अंमल 1737 त संपला. परंतु पोर्तुगीज ‘फेस्ता’पासून झालेला ‘फेस्त’ येथील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांत राहिला. ‘उरूस’ हा अरबी ‘उर्स’, म्हणजे विवाह. सत्पुरुषाचा देहान्त हें त्याचें ईश्वराशीं मीलन, या भावनेनें पुण्यतिथीस तें नांव मिळालें. कल्याणनजीक मलंगगडावर मात्र हा उरूस माघी पौर्णिमेस भरतो. शब्द अरबी, तिथि पंचांगांतली! त्या स्थानाच्या मूळ स्वरूपाविषयीं वाद आहे. त्यांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. इतकेंच म्हणावयाचें कीं, एकट्या शब्दावरून किंवा एकट्या तिथीवरून त्याचा निकाल लागणार नाहीं.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, मोडी कागदांची नक्कल करतांना उत्सवाचा शब्द मुळांत असेल तसाच उतरावा. उरुसाच्या जागीं ‘यात्रा’ किंवा जत्रेच्या जागीं ‘उत्सव’ घालून भाषा शुद्ध करूं नये; आणि शब्दाबरोबर तिथि, खर्चाची रक्कम व मानकऱ्यांचीं नांवेंहि टिपावीं. नकलेंत एक शब्द बदलला तर पुढील अभ्यासकाचा पुरावाच बदलतो, आणि मूळ कागद कसरीनें खाल्ल्यावर ती चूक सुधारण्यास साधन उरत नाहीं.