परक्यांचा कॅमेरा आणि आपली मुंबई

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे एक रुपया दराने दाखविली गेली. त्या दिवशी मुंबईने परक्यांचे जग पडद्यावर पाहिले. पुढे परके आले आणि त्यांनी मुंबई आपल्या पडद्यावर नेली. इटलीच्या रोसेलिनीने १९५९ च्या आपल्या दूरचित्रवाणी मालिकेत तिला भारताचे प्रवेशद्वार म्हटले. पासोलिनीचा १९६८ चा लघुपट अर्ध्या तासाचा. भुकेल्या वाघांच्या पिलांना आपला देह देणाऱ्या महाराजाची कथा घेऊन तो माणसांना प्रश्न विचारीत हिंडला. भूक त्याला दिसली, पण दंतकथेच्या आडून.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो फ्रान्सचा लुई माल. १९६८ साली दोन सहकाऱ्यांना घेऊन तो देशभर फिरला. त्यातून सात भागांची मालिका झाली. शेवटचा भाग मुंबईचा. पहिल्याच भागात तो इंग्रजी बोलणाऱ्या सुशिक्षितांचे ऐकून घेतो आणि त्यांना सोडून पुढे जातो. हे त्याने चांगले केले. कॅमेऱ्याकडे रोखून पाहणाऱ्या माणसांच्या नजराही त्याने कापून टाकल्या नाहीत.

१९७० साली बी.बी.सी.ने ही मालिका दाखविली तेव्हा आपले सरकार संतापले आणि बी.बी.सी.चे दिल्लीतील कार्यालय बंद झाले. देशाची बदनामी झाली म्हणे! त्याच १९७० साली अस्पृश्यतेसंबंधीचा एलायापेरुमल समितीचा अहवाल संसदेपुढे आला होता. त्या अहवालाने ज्यांची झोप उडाली नाही, त्यांना पडद्यावरची गरिबी झोंबली. करणाऱ्याला लाज नाही, दाखविणारा मात्र बदनामी करतो, हा न्याय आपल्या परिचयाचा आहे.

म्हणून मालला डोक्यावर घ्यावे काय? त्याच्या मालिकेत जातीचा भाग पाचवा आणि मुंबईचा सातवा. ही विभागणीच बोलकी आहे. जणू बोरीबंदरला उतरताना माणूस आपली जात गाडीतच विसरतो! गिरणीच्या दारातून बाहेर पडणारा लोंढा कोणत्याही कॅमेऱ्याला कामगारांचाच दिसेल. आत साळखात्यात कोणाला प्रवेश होता, हे त्या लोंढ्यावरून कसे कळावे? धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून जास्त मजुरीच्या त्या खात्याचे दार आपल्या बापजाद्यांना बंद, आणि कमी पगाराची कामे त्यांच्या वाट्याला. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. हा धोटा कोणा परक्या दिग्दर्शकाने दाखविल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. दाखवायचा तर आधी ठाऊक हवा. आणि ठाऊक व्हायला विचारायचे कोणाला?

नाशिकला आमच्या वर्गात मुंबईचा भाग दाखविला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सगळं तोच का सांगतो?" निवेदन मालच्याच आवाजात आहे. मुलीने नेमके बोट ठेवले होते.

अर्थात हा प्रश्न केवळ परक्यांना विचारून भागणार नाही. आनंद पटवर्धन तर मुंबईचेच. झोपड्या पाडण्याच्या मोहिमेवरचा त्यांचा 'हमारा शहर' १९८५ चा. मुलुंडच्या वस्तीतले शाहीर विलास घोगरे त्यात गातात. आणि त्यातच, डोक्यावरचे छप्पर गेलेली एक बाई खुद्द दिग्दर्शकालाच फैलावर घेते: आमची चित्रे काढून तुमचे नाव होईल, आमच्या पदरात काय पडणार? पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही.