धातूला कंठ देणारा

वाद्यांनाही कुळे असतात. वीणेमागे सरस्वती उभी असते, बासरीमागे गोकुळ, संबळामागे अंबाबाईचा गोंधळ. व्हायब्राफोन हे वाद्य मात्र बिनकुळाचे. ते जन्मले कारखान्यात, आणि त्याच्या पोटात देव नव्हे, विजेची मोटर बसलेली आहे. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेतील इंडियानापोलिस आणि शिकागो येथल्या वाद्यांच्या कारखान्यांनी ते घडविले, आणि रंगमंचावरच्या करमणुकीत एक गंमत म्हणून ते प्रथम वाजू लागले. अशा या अकुलीन वाद्याला ज्याने माणसाचा गळा मिळवून दिला, त्या मिल्ट जॅक्सनची ही हकीकत आहे.

व्हायब्राफोन हे नाव पुष्कळांना अपरिचित वाटेल. पण त्याचा आवाज आपल्या कानांवरून गेलेला आहे. मुंबईच्या जुन्या चित्रपटगीतांत, दोन कडव्यांमधल्या जागेत, जलतरंगासारखा पण त्याहून खोल आणि जरासा थरथरणारा जो नाद येतो, तो कैकदा याच वाद्याचा असतो. पियानोच्या पट्ट्यांच्या क्रमाने मांडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली एक उभी नळी, आणि नळीच्या तोंडाशी एक चकती, अशी त्याची रचना. टोकाला सूत गुंडाळलेल्या काठीने पट्टीवर आघात केला, की नळीतली हवा त्या स्वराला घुमारा देते. मोटर चालू असली तर चकत्या फिरतात, नळ्यांची तोंडे झाकतात-उघडतात, आणि स्वर हेलकावे खाऊ लागतो. पायाशी एक पट्टी असते. ती दाबून धरली तर नाद रेंगाळतो, सोडली की विरतो.

या वाद्याची अडचण याच रचनेत आहे. आघात झाला की स्वर वादकाच्या हातून निसटला. सारंगीवर गज ओढता ओढता स्वराला कुरवाळता येते, बासरीत फुंकर कमीजास्त करता येते. इथे तसे काही नाही. मींड नाही, श्वास नाही. मग अशा वाद्यातून दुःख कसे सांगावे? लाडिकपणा कसा करावा? मिल्ट जॅक्सनने आयुष्यभर या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधले, असे मला वाटते.

जॅझमध्ये या वाद्याला पहिली प्रतिष्ठा दिली ती लायोनेल हॅम्प्टनने. हा मूळचा ढोल-ताशांचा वादक, म्हणजे ड्रमर. १९३० साली लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी स्टुडिओत एक व्हायब्राफोन पडून होता. आर्मस्ट्राँगच्या सांगण्यावरून हॅम्प्टनने त्यावर हात चालविला आणि 'मेमरीज ऑफ यू' या तबकडीतून जॅझला एक नवा आवाज मिळाला. पुढे १९३६ पासून बेनी गुडमनच्या चौकडीत त्याने तो आवाज देशभर नेला. गोरे आणि काळे वादक एकाच मंचावर शेजारी बसणे ही त्या काळच्या अमेरिकेत लहान गोष्ट नव्हती. हॅम्प्टनचे वादन म्हणजे आतषबाजी: वेग, उल्हास, आणि चकत्यांचा सेकंदाला सुमारे दहा फेऱ्यांचा थरथराट.

त्या आतषबाजीकडे पाहून भारावलेल्यांत डेट्रॉइटचा एक मुलगा होता. मिल्ट जॅक्सनचा जन्म १ जानेवारी १९२३ चा. सातव्या वर्षी गिटार, अकराव्या वर्षी पियानो, आणि शाळेत गेल्यावर ड्रम, टिंपानी, व्हायोलिन, झायलोफोन. जोडीला शाळेच्या गायकवृंदात गाणे. एका साध्या सरकारी शाळेतून त्याला हे सारे मिळाले, ही गोष्ट माझ्यासारख्या शाळामास्तराला मुद्दाम नोंदवाविशी वाटते. पण शाळेहून मोठी शाळा होती ती चर्चची. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये भजन नुसते म्हटले जात नाही, ते अंगात येते. आपल्या वादनातला जीव तिथून आला, असे जॅक्सन नेहमी सांगत असे.

दुसऱ्या महायुद्धात तो फौजेत गेला. सुटून आल्यावर जी जागरणे झाली, त्यांनी डोळ्यांखाली पिशव्या आल्या आणि मित्रांनी त्याचे नाव 'बॅग्ज' ठेवले. ते नाव त्याला जन्मभर चिकटले. १९४५ साली ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीने त्याला डेट्रॉइटमध्ये ऐकले आणि न्यूयॉर्कला नेले. त्या वर्षाच्या अखेरीस गिलेस्पी आणि चार्ली पार्कर ही बीबॉपची थोर जोडी हॉलिवूडला गेली. पार्कर वेळेवर उभा राहील याचा भरवसा नसे, म्हणून पथकात एक माणूस जास्तीचा घेतला होता. तो माणूस म्हणजे जॅक्सन!

आता त्या मोटरीकडे वळू. हॅम्प्टनच्या दहा फेऱ्यांऐवजी जॅक्सनने तिचा वेग सेकंदाला सुमारे ३.३ फेऱ्यांवर आणला. एवढासा बदल, पण त्याने वाद्याचा स्वभावच पालटला. थरथराट गेला आणि तिथे संथ आंदोलन आले. लांबवलेला स्वर गाणाऱ्याच्या छातीतून यावा तसा फुलू लागला. त्यात त्याच्या आघातातली लहानमोठी वजने मिळाली: एक स्वर ठणठणीत, पुढचा जेमतेम कानी पडेल असा. चर्चमधल्या गाण्याची सवय असलेल्या माणसाने यंत्राला श्वास घ्यायला शिकविले.

त्या श्वासातून तो बहुधा 'ब्लूज' गात असे. ब्लूजची चौकट अगदी साधी असते. चार-चार मात्रांचे बारा खण. शब्द असले तर पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचे. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या जशा एकाच चालीत बाईचे अवघे आयुष्य सामावून घेत, तशीच ही बारा खणांची चाल काळ्या अमेरिकेचे दुःख आणि थट्टा पोटात घेते. जॅक्सनच्या स्वतःच्या गाजलेल्या रचना, 'ब्लूजॉलॉजी' काय किंवा 'बॅग्ज ग्रूव्ह' काय, याच चौकटीतल्या. १९४८ मध्ये पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर त्याने ब्लू नोट कंपनीसाठी केलेली 'मिस्टेरिओसो' ही तबकडी ऐकावी. मंकचे तिरकस, काटेरी स्वर आणि त्यांच्यावरून निथळणारे जॅक्सनचे स्वर ऐकले, की निवडुंगावर पडलेल्या दवाची आठवण होते.

पण जॅक्सनचे नाव जगभर झाले ते दुसऱ्याच कारणाने. गिलेस्पीच्या मोठ्या वाद्यवृंदात तुताऱ्या वाजविणाऱ्यांच्या ओठांवर फार ताण येई. त्यांना विसावा मिळावा म्हणून मधूनमधून चौघेच जण वाजवीत: पियानोवर जॉन लुइस, बासवर रे ब्राउन, ड्रमवर केनी क्लार्क आणि व्हायब्राफोनवर जॅक्सन. या विसाव्यातूनच पुढे एक संस्था उभी राहिली. ब्राउनच्या जागी पर्सी हीथ आला, आणि १९५२ साली 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट' हे नाव ठरले. १९५५ मध्ये क्लार्कची जागा कॉनी के याने घेतली. त्यानंतर हे चार जण एकोणीस वर्षे एकत्र राहिले. कोणत्याही कलापथकात हा चमत्कारच म्हणायचा.

पथकाची सूत्रे जॉन लुइसकडे होती. त्याला युरोपातल्या बाखची आणि जुन्या दरबारी संगीताची ओढ. दारूच्या गुत्त्यातल्या धुरातून जॅझला बाहेर काढावे, संगीतसभेच्या मंचावर मानाने बसवावे, हा त्याचा ध्यास. म्हणून चौघांचा पोशाख एकसारखा आणि रुबाबदार, प्रवेश शिस्तीचा, वाजविणे मोजूनमापून. शतकानुशतके अपमान सोसलेल्या समाजातल्या माणसांनी असे ताठ मानेने मंचावर येणे, यात एक मूक उत्तर होते. ते ज्याला दिसत नाही, त्याला या चौघांचे कपडे नुसते नखरे वाटतील.

आणि या शिस्तीत जॅक्सन! ज्याला बारा खणांत मनमुराद डुंबायचे, त्याच्या पुढ्यात लुइसने नीटनेटके कालवे खणून ठेवले. लुइसने सिंहाला दोरी बांधली, अशी तक्रार पुष्कळ समीक्षकांनी केली आहे. तिच्यात तथ्य किती, हे पाहायला १९५४ सालचे दोन दिवस पुरेत.

२३ डिसेंबरला चौकडीने प्रेस्टिज कंपनीसाठी 'जांगो' मुद्रित केले. आदल्या वर्षी वारलेला गिटारवादक जांगो राइनहार्ट याच्या स्मृतीसाठी लुइसने रचलेली ही चीज. अंत्ययात्रेच्या पावलांनी ती सुरू होते, मध्ये उपजेला वाव देते आणि पुन्हा त्याच पावलांवर येते. तिच्यात जॅक्सन शोक करतो, पण भर सभेत, चार माणसांची जाणीव ठेवून.

दुसऱ्याच दिवशी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, त्याच कंपनीसाठी जॅक्सन, हीथ आणि क्लार्क पुन्हा वाजवायला उभे राहिले. मात्र आज ट्रंपेटवर माइल्स डेव्हिस होता आणि पियानोवर मंक. चीज जॅक्सनची स्वतःची, 'बॅग्ज ग्रूव्ह'. आपण वाजवीत असताना मंकने साथ करू नये, असे माइल्सने बजावले होते. दोघे हातघाईवर आले अशी दंतकथा पसरली. माइल्सने ती पुढे आत्मचरित्रात खोडून काढली. पण ताण होता खरा, आणि तो तबकडीत ऐकू येतो. माइल्स एकाकी, बिनपियानोचा वाजवून थांबतो. मग जॅक्सन येतो, मंक साथीला लागतो आणि खोलीतले वातावरण पार बदलते. घरी आल्यावर माणूस अंगरखा काढून ओसरीवर बसावा, तसा जॅक्सन आपल्या ब्लूजमध्ये बसतो. सुमारे अकरा मिनिटांचे हे मुद्रण जॅझच्या इतिहासात मानाचे ठरले आहे.

हा दुसरा जॅक्सन पुढेही भेटत राहिला. १९५७ मध्ये रे चार्ल्सबरोबर त्याने 'सोल ब्रदर्स' केले. त्यात चार्ल्सने सॅक्सोफोन हाती घेतला आणि जॅक्सनने गिटार! १९५९ मध्ये जॉन कोल्ट्रेनबरोबर 'बॅग्ज अँड ट्रेन', १९६१ मध्ये गिटारवादक वेस माँटगोमेरीबरोबर 'बॅग्ज मीट्स वेस'. चौकडी हा जणू संसार होता आणि या तबकड्या माहेरपण.

१९७४ साली त्याने संसार मोडला. रॉक संगीतातली मंडळी मिळवीत असलेला पैसा आणि बावीस वर्षांच्या टाळ्यांनंतर आपल्या पदरी पडणारा पैसा यांतली तफावत त्याला खुपत होती. मोकळे वाजविण्याची तहानही होती. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये निरोपाची मैफल झाली. पैशाचे कारण ऐकून नाके मुरडणारे तेव्हाही असतील. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेच्या पगारावर घर चालवितो. मला नाक मुरडवत नाही. कलावंताला टाळ्यांवर जगविता येते असे मानणारा समाज त्याला फुकट राबवीत असतो.

मोकळेपणी त्याने पुष्कळ वाजविले, काउंट बेसीच्या वाद्यवृंदाबरोबरही वाजविले. आणि १९८१ मध्ये? चौघे पुन्हा एकत्र आले, आणि १९९४ मध्ये कॉनी के वारला तेव्हाही चौकडी उभी होती. जी दोरी तोडली, तिच्याकडे माणूस आपण होऊन परततो, तेव्हा ती दोरी केवळ बंधन नसते. लुइसच्या कालव्यांमुळे जॅक्सनच्या पाण्याला वेग मिळाला, आणि जॅक्सनच्या पाण्यावाचून लुइसचे कालवे कोरडे दगड ठरले असते. ओवीची चाल ठरलेली असते म्हणून तर तिच्यात बाईचे मन मोकळे होते.

९ ऑक्टोबर १९९९ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये मिल्ट जॅक्सन वारला. त्याच्या तबकड्या आज घरबसल्या ऐकता येतात. फराळाची ताटे उचलली गेल्यावर, पणत्या मंद होऊ लागल्यावर, आधी 'जांगो' लावा आणि लगोलग 'बॅग्ज ग्रूव्ह'. दोन दिवस, एक माणूस, अ‍ॅल्युमिनियमच्या त्याच पट्ट्या. आणि दोन्हीकडे गाणारा कंठ एकच.