शर्यती एंजिनांतील औष्णिक प्रसरण व संपीडन

शर्यतीच्या अंतर्ज्वलन-एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण जितके अधिक दाबले जाते, तितकी त्याच्या ज्वलनातून अधिक शक्ती मिळते. मात्र ते अकाली पेटता कामा नये. दट्ट्या तळाशी व माथ्याशी असतानाच्या सिलिंडरमधील घनफळांच्या गुणोत्तरास संपीडन गुणोत्तर म्हणतात. आराखड्यात ते निश्चित असले, तरी तापलेल्या एंजिनाचे भाग निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि हा आकडा ढळतो.

प्रारंभीच्या एंजिनांत दट्ट्या व सिलिंडर ही दोन्ही ओतीव लोखंडाची असत. त्यांचे प्रसरण जवळजवळ सारखे असल्याने मधली फट लहान ठेवता येई. परंतु लोखंडातून उष्णता सावकाश वाहते. दट्ट्याचा माथा अतितप्त होऊन मिश्रण अकाली पेटे. त्यामुळे संपीडन गुणोत्तर ४ ते ५ च्या आसपासच ठेवावे लागे. १९१३ मध्ये डब्ल्यू. ओ. बेंटली हे ब्रिटिश अभियंते फ्रान्समधील डी. एफ. पी. या मोटार कारखान्यात गेले असता त्यांना तेथे दट्ट्याच्या आकाराचे अ‍ॅल्युमिनियमाचे एक कागददाब दिसले. त्यावरून त्यांनी ८८ टक्के अ‍ॅल्युमिनियम व १२ टक्के तांबे यांच्या मिश्रधातूचे दट्ट्ये करवून घेतले. असा दट्ट्या वितळेल किंवा फुगून सिलिंडरमध्ये रुतेल, ही त्या काळची शंका अगदीच निराधार नव्हती. तापमान १° से. वाढले असता १ मी. लांबीची अ‍ॅल्युमिनियमाची दांडी सु. ०·०२३ मिमी., तर ओतीव लोखंडाची सु. ०·०११ मिमी. वाढते. म्हणून फट वाढवावी लागली; थंड एंजिनात मिश्रण दट्ट्याच्या कडेने निसटू लागले. तथापि माथा थंड राहिल्याने संपीडन व वेग दोन्ही वाढविता आले आणि बेंटलींच्या डी. एफ. पी. गाडीने ब्रुकलंड्‌सच्या धावपट्टीवर विक्रम केले.

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न विमानांत अधिक घातक ठरला. क्लर्जे फिरत्या एंजिनाच्या सिलिंडरची पुढची बाजू वाऱ्याने थंड होई व मागची तापे. सिलिंडर वाकडा होऊन दट्ट्यावरील पातळ कडे तुटे. मग संपीडन जाई आणि वैमानिकाचा जीव धोक्यात येई. बेंटलींनी आपल्या बी. आर. १ एंजिनात लोखंडी अस्तराचे अ‍ॅल्युमिनियमाचे सिलिंडर वापरून यावर उपाय केला. पुढे टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत तांबे, निकेल व मॅग्नेशियमयुक्त ‘वाय’ मिश्रधातू तयार झाली. सिलिकॉनयुक्त मिश्रधातूंनी प्रसरणही कमी केले.

फटीपेक्षा सूक्ष्म प्रश्न उंचीचा आहे. भुजादंडाच्या मध्यापासून सिलिंडरच्या माथ्यापर्यंतचे अंतर २०० मिमी. मानू. तापमान ८०° से. वाढल्यास अ‍ॅल्युमिनियमाचा ठोकळा सु. ०·३७ मिमी., तर ओतीव लोखंडाचा सु. ०·१८ मिमी. उंच होतो. आतील पोलादी भुजा व संयोगदांडा (मिळून १७० मिमी.) आणि याहून कितीतरी अधिक तापणारा दट्ट्या यांची एकत्रित वाढ सु. ०·२८ मिमी. भरते. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमाच्या ठोकळ्यात दट्ट्याच्या माथ्यावरची जागा वाढून संपीडन गुणोत्तर किंचित घटते, तर लोखंडी ठोकळ्यात ते वाढते. १२ गुणोत्तराच्या, ८० मिमी. व्यास व तेवढ्याच धावेच्या सिलिंडरमध्ये हा फरक दोन्ही दिशांना एकदशांशाहून थोडा अधिक होतो. अतिवेगात संयोगदांडा ताणला जातो, तो वेगळाच.

फॉर्म्युला वन शर्यतींतील २·४ लिटर एंजिने (२००६–१३) गरम पाणी व तेल खेळवून तापविल्यावरच सुरू करीत, कारण त्यांच्या फटी तप्त स्थितीसाठीच आखलेल्या असत. याच शर्यतींच्या २०२६ च्या नियमांत संपीडन गुणोत्तराची कमाल मर्यादा १८ वरून १६ वर आणली गेली आणि मापन सभोवतालच्या तापमानाला करावयाचे ठरले. थंड स्थितीत १६ भरणारे, परंतु धावताना प्रसरणामुळे त्यापलीकडे जाणारे एंजिन नियमात बसते काय, यावर हंगामापूर्वीच निर्मात्यांमध्ये वाद उभा राहिला.