कऱ्हाडची माती आणि नवी घरे

कृष्णा व कोयना यांच्या संगमावर वसलेल्या, सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडचे नाव फार प्राचीन आहे. भारहुत स्तूपावरील ब्राह्मी लेखांत ‘करहकट’ निगमाच्या दानाचा उल्लेख येतो. संस्कृतात तेच ‘करहाटक’, मराठीत ‘कऱ्हाड’ झाले. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८८० चा ताम्रपटही येथेच सापडला. तथापि नगर कोठवर पसरले होते, सामान्यांची घरे कशी होती, हे नाव अथवा ताम्रपट सांगत नाही. ते जमिनीतूनच कळावयाचे.

त्यासाठी थरांचा क्रम अबाधित हवा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर सांकलिया व दीक्षित यांनी १९४५-४६ साली केलेल्या उत्खननात सातवाहन व बहमनी काळांतील वसाहती वेगळ्या ओळखता आल्या, त्या या क्रमामुळेच. थरातून सुटलेल्या खापराची साक्ष दुबळी होते.

१९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर निषिद्ध व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरविले. परंतु जुन्या वस्तीची सीमा या वर्तुळाशी जुळतेच असे नाही. सांगली जिल्ह्यातील मिरजेसारख्या मध्ययुगीन नगरासही हेच लागू पडते. म्हणून जुन्या गावठाणालगत नव्या घरांच्या पायासाठी चर खणले जात असता अभ्यासकाने तेथे उपस्थित राहून थरांची मोजमापे, रेखाटने व छायाचित्रे घेणे अगत्याचे आहे. घरे बांधली जाणारच, व जावीत. मात्र नोंद न करता उपसलेला थर कोणत्याही संशोधनास पुन्हा मिळत नाही.