उरणचा नळ आणि तेलातले मेण

१९७४ साली मुंबई हायला तेल लागले. १९७६ पासून ते टँकरने येई. १९७८ साली समुद्रतळावरून सुमारे २०० किलोमीटरचा नळ थेट उरणला आला. नळ टाकला की झालं, असं आपल्याला वाटेल. पण या तेलात मेण फार! जमिनीच्या पोटातून ते कढत निघते, समुद्रतळाशी निवते, आणि ३० अंश सेल्सिअसच्या आसपास थंडीतल्या तुपासारखे थिजू लागते. वाहत्या तेलातले मेणही नळाच्या गार अंगाला धरतेच. कित्येक परदेशी विहिरींत दाब उतरला की अस्फाल्टीनचा डांबरी साका बसतो. इथे वैरी मेण. ते खरवडायला तेलाच्याच रेट्याने नळातून बोळा धाडतात. त्याचे नाव ‘पिग’, म्हणजे चक्क डुक्कर! पण प्रवाहच थांबला तर बोळ्याला ढकलणार कोण? म्हणून पावसाळा कितीही खवळला तरी नळात तेल फार वेळ पडू देऊन चालत नाही.