कर्जतच्या अंगणात हायड्रेंजिया की भूतकेस?

कर्जत, खालापूर परिसरात मुंबईकरांची ‘सेकंड होम’ वाढली, तशी बंगल्याभोवती परदेशी फुलझाडे लावण्याची हौसही वाढली. ओकसारख्या खाचदार पानांच्या हायड्रेंजियाची छायाचित्रे पाहून मोह पडावा, हे स्वाभाविकच. त्यातही बुटके वाण लहान अंगणासाठी सोयीचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाने २०१० मध्ये प्रसारित केलेले ‘मंचकिन’ आणि ‘रूबी स्लिपर्स’ हे वाण जेमतेम तीन ते चार फूट वाढतात.

मात्र हे झुडूप आग्नेय अमेरिकेतील जंगलांचे. हिवाळ्यात पाने गाळून थंडीत विश्रांती घेणे ही त्याची गरज आणि मुळाशी साचलेले पाणी हा त्याचा शत्रू. कर्जतला खरी थंडी पडत नाही, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. येथे त्यावर खर्च करणे म्हणजे पैसा आणि उन्हाळ्यातले दुर्मिळ पाणी, दोन्ही वाया घालवणे होय.

तशीच शोभा देणारे झुडूप सह्याद्रीच्या उतारांवर आपसूक वाढते. ते म्हणजे भूतकेस, अर्थात शेरवड. हायड्रेंजियाच्या ‘पाकळ्या’ जशा वास्तविक निदले असतात, तसेच भूतकेसाचे पांढरेशुभ्र ‘पान’ हेही एक मोठे झालेले निदलच. खरे फूल लहान, केशरी, चांदणीसारखे. हिरव्या रानात ही पांढरी निशाणे फुलपाखरांना दुरून खुणावतात. ‘कमांडर’ फुलपाखराच्या अळ्या याच झुडपाची पाने खातात. त्यामुळे पाने कुरतडलेली दिसताच कीटकनाशकाचा पंप उचलू नये. कोवळ्या पानांची तर रानभाजीही करतात.

पावसाच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्यांची छाटकलमे लावावीत. जागा निचऱ्याची, सकाळचे ऊन मिळणारी असावी. भातखाचराची चिकण माती असल्यास खड्ड्यात मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच करावा. मोकळे सोडल्यास हे झुडूप वेलीसारखे पसरते. फुले नव्या फुटव्यांच्या टोकाला येत असल्याने बहर ओसरल्यावर निम्म्यावर छाटणी केल्यास ते चार फुटांत राहते आणि पुढे भरगच्च फुलते. पहिले दोन उन्हाळे बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन द्यावे.

रोपवाटिकांत ‘मुसंडा’ म्हणून मिळणारी भरघोस पांढरी किंवा गुलाबी झाडे याच कुळातली असली, तरी ती फिलिपाइन्सकडील संकरित वा निवडक वाणे आहेत. दिसायला देखणी खरीच. पण देशी झुडूप हवे असल्यास प्रत्येक झुबक्यात एक-दोनच पांढरी पाने असलेले रोप मागून घ्यावे. जंगलातून मात्र ते उपटून आणू नये.