बेवारशी लाभांश : एका शब्दाचा आणि एका हक्काचा इतिहास

१

संयुक्त भांडवलाच्या कंपनीने जाहीर केलेला, परंतु भागधारकाच्या हाती न पोहोचलेला लाभांश आपल्याकडे ‘बेवारशी’ या नावाने ओळखला जातो. हा शब्द सोयीचा असला तरी यथार्थ नाही. अरबी ‘वारिस’ या शब्दाला फारसी ‘बे’ हा उपसर्ग लागून तो सिद्ध झाला असून, ज्याला वारस नाही ते बेवारस, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मागणी न झालेल्या लाभांशाला मात्र बहुधा वारस असतो. पुष्कळदा खुद्द धनीही हयात असतो. उणीव असते ती धनी आणि त्याचे नोंदवहीतील नाव यांची गाठ पडण्याची. वारस नसणे व मागणी न होणे या दोन भिन्न गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्यामुळे हे धन कायमचे गेले, आणि ते परत मिळवायचे तर कोणी वाकबगार मध्यस्थच हवा, असा समज रूढ झाला आहे. लाभांश व भाग शोधून देण्याचा धंदा करणाऱ्या आणि मिळालेल्या रकमेवर टक्केवारी घेणाऱ्या संस्था याच समजावर उभ्या आहेत. हा समज इतिहासाच्या कसोटीला उतरतो काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

धनी सापडत नाही अशा धनाचे काय करावे, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांना अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशा धनाला ‘प्रणष्टस्वामिक’ म्हटले आहे. या समासात नाहीसा झाला आहे तो स्वामी. धनाचे स्वामित्व नव्हे. राजाने असे धन तीन वर्षे सांभाळून ठेवावे, त्या अवधीत स्वामी आला तर त्याने ते न्यावे, त्यानंतर ते राजाचे, अशी मनूची व्यवस्था आहे. कुल्लूकभट्टाच्या टीकेवरून असे दिसते की, कोणाचे काय हरवले आहे याची दवंडी पिटून ते धन राजद्वारी ठेवावयाचे असे. आलेल्या माणसाने वस्तूचे रूप, संख्या इत्यादी सांगून स्वतःचे स्वामित्व पटवावे. खोटा हक्क सांगणारा त्या धनाइतक्याच दंडाला पात्र होई. याज्ञवल्क्यानेही हाच नियम देताना अशा खुणांना ‘लिंग’ ही संज्ञा वापरली असून ज्याला धन परत द्यावयाचे त्याला ‘धनी’ म्हटले आहे. मराठीत ‘धनी’ हा शब्द आजही मालक याच अर्थाने चालतो, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता मोबदल्याचा प्रश्न. मनूने राजाला सांभाळणुकीबद्दल सहावा, दहावा किंवा बारावा भाग घेण्याची मुभा दिली आहे. मिताक्षरेने या तीन आकड्यांची संगती काळाच्या मानाने लावली आहे : पहिल्या वर्षी धनी आला तर सर्व धन परत द्यावे, दुसऱ्या वर्षी बारावा, तिसऱ्या वर्षी दहावा आणि पुढे सहावा भाग कापून घ्यावा. धन शोधून आणणाऱ्याला गौतमाने चौथा भाग सांगितला आहे खरा. परंतु तो केव्हा, तर वर्षभर वाट पाहूनही धनी आला नाही म्हणजे. तात्पर्य, शोधकाचा वाटा धनी नसलेल्या धनातून निघे. समोर उभ्या असलेल्या धन्याला स्वतःचे धन मागण्यासाठी शोधकाला वाटा द्यावा लागे, असे या विवेचनात आढळत नाही.

३

मराठी मुलखातील जमीनधाऱ्याच्या पद्धतीत याच विचाराचे दुसरे रूप दिसते. ज्या कुळाचा माग उरला नाही त्याची जमीन ‘गतकूळ’ म्हणून नोंदली जाई. परंतु मिरासदार दुष्काळामुळे किंवा धामधुमीमुळे परागंदा झाला, तर दीर्घ काळानंतर परतूनही त्याला वा त्याच्या वंशजाला मिरासीवर हक्क सांगता येत असे. ‘मिरास’ आणि ‘वारस’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून निघालेले आहेत. परतलेल्या मिरासदाराची ओळख पटविण्यास कागद असला तर उत्तमच. पण गोताची आणि गावाच्या पांढरीची साक्ष पुष्कळदा निर्णायक ठरे. गाव माणसाला चेहऱ्याने व कुळीने ओळखत असे.

कंपनी या संस्थेने ही ओळखच बदलून टाकली. हिंदुस्थानात संयुक्त भांडवलाच्या कंपन्यांचा पहिला कायदा १८५० मध्ये झाला आणि १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आले. मराठीने या नव्या संबंधासाठी जो शब्द घडविला तो अर्थपूर्ण आहे. ‘भागीदार’ हा जुना शब्द. भागीदार एकमेकांना ओळखतात, दुकानात शेजारी बसतात. ‘भागधारक’ हा नवा शब्द. त्याला कंपनी पाहत नाही, तो केवळ भाग धारण करणारा, सभासदांच्या नोंदवहीतले एक नाव असतो. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचे भांडवल १९०७ मध्ये मुंबईत अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे ८,००० लोकांनी पुरविले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. एवढे लोक एकमेकांना चेहऱ्याने ओळखणार नव्हते. त्यांच्यापैकी प्रत्येकाचे स्वामित्व नोंदवहीच्या एका पानाशी बांधले गेले. ‘फोलिओ’ या शब्दाचा मूळ अर्थही पान असाच आहे. नाव बदलले, पत्ता बदलला किंवा माणूस निवर्तला, की पान तेथेच राहते व माणूस दुरावतो. मागणी न झालेल्या लाभांशाचा उगम या दुराव्यात आहे.

४

अशा लाभांशाचे काय करावे याची स्वतंत्र व्यवस्था १९५६ च्या मूळ कंपनी कायद्यात नव्हती. तथापि त्यामागील तत्त्वाचा निवाडा जवळच्या एका प्रकरणात मुंबई राज्यातच उपस्थित झाला. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमाने कामगारांनी न नेलेली वेतनाची रक्कम सरकारी निधीत भरण्याची सक्ती मालकांवर केली होती. बाँबे डाइंग कंपनीने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले, आणि १९५७ च्या अखेरीस न्यायालयाने ती तरतूद अवैध ठरविली. मुदतीच्या कायद्याने दावा लावण्याचा उपाय जातो, परंतु देणे नाहीसे होत नाही. आणि धन्याला सूचना व मागणीची संधी न देता केलेल्या कायद्याला बेवारशी मालमत्तेचा कायदा म्हणता येत नाही, असा त्यातील विचार होता. भाषा आधुनिक असली तरी दवंडी आणि राजद्वार यांचीच अपेक्षा येथे पुन्हा व्यक्त झाली आहे.

१९७४ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात २०५-अ आणि २०५-ब ही कलमे आली. न दिलेला लाभांश स्वतंत्र खात्यात ठेवावा, त्या खात्यात तीन वर्षे पडून राहिल्यास तो केंद्र सरकारच्या महसुली खात्यात भरावा, मात्र धन्याला सरकारकडे मागणी करता यावी, अशी ही योजना होती. मनूच्या तीन वर्षांशी हा आकडा जुळतो, हा योगायोगच म्हणावयाचा. एका बाबतीत मात्र नवा कायदा अधिक उदार होता, कारण तीन वर्षांनंतरही हक्क संपत नव्हता.

१९९९ च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. मुदत सात वर्षांची झाली, पण तीनंतर रक्कम ‘गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी’त जाऊ लागली आणि त्या रकमेबद्दल निधीवर वा कंपनीवर कोणताही दावा चालणार नाही, असे २०५-क कलमाने स्पष्ट सांगितले. निधीच्या नावात गुंतवणूकदाराचे संरक्षण होते. कलमात त्याच गुंतवणूकदाराचा हक्क बुडत होता. ‘बेवारशी’ या शब्दाचा अपुरा अर्थ कायद्याने शब्दशः अमलात आणला तो येथे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ही चूक दुरुस्त केली. त्याच्या १२५ व्या कलमाने परताव्याचा हक्क पुन्हा दिला, आणि जुन्या २०५-क कलमाखाली निधीत गेलेल्या रकमांनाही तो लागू केला. प्रत्यक्ष व्यवस्था सप्टेंबर २०१६ मध्ये निधीचे प्राधिकरण व नियम अस्तित्वात आल्यानंतर सुरू झाली. १२४ व्या कलमाने मात्र एक नवी गोष्ट केली : ज्या भागांवरील लाभांश लागोपाठ सात वर्षे नेला गेला नाही, ते भागही निधीकडे वर्ग होऊ लागले. असे करण्यापूर्वी तीन महिने भागधारकाला कळवावे आणि इंग्रजी व प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रांत सूचना द्यावी, असे नियम सांगतात. वृत्तपत्रांत बारीक टंकात येणाऱ्या या मराठी सूचना म्हणजे जुन्या दवंडीचेच आजचे रूप होय. वर्ग झालेल्या भागांचा मताधिकार खरा धनी येईपर्यंत गोठलेला राहतो. कायदा पुन्हा धन्याची वाट पाहू लागला, असा याचा अर्थ आहे.

५

या धन्याने मागणी कशी करावी? निधीच्या संकेतस्थळावर नावाने वा फोलिओ क्रमांकाने शोध विनामूल्य घेता येतो. कंपन्यांनाही अशा रकमांच्या याद्या आपापल्या संकेतस्थळांवर ठेवाव्या लागतात. रक्कम अद्याप सात वर्षांच्या आत, म्हणजे कंपनीच्याच खात्यात असेल, तर मागणी थेट कंपनीकडे करावयाची. ती निधीत गेली असेल, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला अथवा भाग-हस्तांतरणाचे काम पाहणाऱ्या तिच्या निबंधकाला लिहून, कागदपत्रे दाखवून प्रथम पात्रतापत्र घ्यावे. नंतर ‘आयईपीएफ-५’ हा अर्ज संगणकावरून भरावा. त्याची प्रत, क्षतिपूर्ती-बंधपत्र, मूळ भाग-प्रमाणपत्र असल्यास ते आणि ओळखीचे पुरावे कंपनीकडे पाठवावेत. कंपनी पडताळणी करून प्राधिकरणाला अहवाल देते. मग पैसा बँकेच्या खात्यात आणि भाग डीमॅट खात्यात येतात. या अर्जाला शुल्क नाही. खर्च होतो तो मुद्रांक, शपथपत्र व टपाल यांचा; धनी निवर्तला असल्यास वारसाहक्काच्या कागदांचा. खोट्या नावाने भाग बळकावणाऱ्यास ५७ व्या कलमाखाली एक ते तीन वर्षांचा कारावास व दंड आहे. ‘लिंग’ न पटविणाऱ्याला दंड करण्याचा जुना न्याय येथेही टिकून आहे.

मग अडते कोठे? बहुतेक वेळा नावापाशी. हा प्रश्न कायद्याइतकाच भाषेचाही असल्याने त्याचा थोडा विस्तार करणे युक्त होईल. मराठी नावे कंपन्यांच्या वहीत रोमन लिपीत उतरली, आणि त्या लिप्यंतराला एक नियम कधीच नव्हता. ‘दीक्षित’ हे आडनाव कोणी तीन व्यंजनचिन्हे एकापुढे एक मांडून लिहिले, कोणी मधली जोडी एका ‘एक्स’वर भागविली. ‘वसंत’मधील ‘व’ कोठे ‘व्ही’ने, कोठे ‘डब्ल्यू’ने आला. ‘पवार’ आणि ‘पोवार’ या एकाच घराच्या दोन कागदांवरील दोन सह्या असू शकतात. कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी. वडिलांचे नाव कोठे पूर्ण, तर कोठे आद्याक्षरापुरते. सर्वांत मोठी अडचण स्त्रियांच्या नावांची. महाराष्ट्रात विवाहानंतर आडनावाबरोबर पुष्कळदा पहिले नावही बदलण्याची चाल होती. त्यामुळे माहेरच्या नावाने घेतलेले भाग सासरच्या नावाने शोधू जाता सापडत नाहीत. त्यातच कंपन्याही नावे बदलतात : ‘टेल्को’ची २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली, ‘टिस्को’ची २००५ मध्ये टाटा स्टील. जुने प्रमाणपत्र हाती असूनही कंपनी कोणती हे न उमगणारी घरे थोडी नाहीत.

शोधक संस्था विकतात ते प्रामुख्याने हेच ज्ञान : नावाची सर्व रूपे धुंडाळणे, कंपनीचे आजचे नाव ठरविणे आणि दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याचे कागद जमविणे. हे काम कष्टाचे आहे, हे नाकारता येत नाही. ज्याला ते स्वतः करणे शक्य नाही त्याने मदत घेऊन वाजवी मोबदला देण्यातही काही वावगे नाही. परंतु ते गूढ नाही. नावाच्या प्रत्येक संभाव्य रोमन रूपाने शोध घेणे, कुटुंबातील जुने पत्ते लिहून काढणे, विवाहाचा दाखला वा राजपत्रातील नामांतराची नोंद काढणे आणि ‘अमुक व तमुक ही एकच व्यक्ती’ असे शपथपत्र करणे, ही कामे घरातील लिहितावाचता माणूस करू शकतो. २०२५ मध्ये प्राधिकरणाने ‘सेबी’च्या सहकार्याने पुण्यात ‘निवेशक शिबिर’ भरवून मागणीदार व कंपन्या यांची मध्यस्थाविना गाठ घालून देण्याचा उपक्रम आरंभिला, तोही हेच ओळखून.

६

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, १९९९ पासून २०१६ पर्यंतचा कालखंड वगळता, आपण पाहिलेल्या व्यवस्थांत धन्याच्या मागणीला दार कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ठेवलेले आहे. त्या दाराशी मागितली जाते ती ओळख. राजाने सांभाळणुकीचा भाग घेतला, आजचे प्राधिकरण तोही घेत नाही. अशा वेळी समक्ष असलेल्या धन्याने आपल्याच धनाचा हिस्सा शोधकाला देण्यास इतिहासाचा आधार नाही. दुसरी ही की, ज्याला आपण बेवारशी म्हणतो ते धन बव्हंशी केवळ अनोळखी झालेले असते. त्याला ‘प्रणष्टस्वामिक’ हाच शब्द अधिक शोभतो, कारण त्यात स्वामी परत येण्याची शक्यता गृहीत धरलेली आहे. गावकामगाराच्या दप्तरांतील नावांची रूपे आपले अभ्यासक दीर्घकाळ तपासत आले आहेत. कंपन्यांच्या नोंदवह्यांतील मराठी नावांची रूपे हे तितकेच महत्त्वाचे आणि अद्याप दुर्लक्षित असे साधन आहे. त्याचा पद्धतशीर अभ्यास झाला, तर विद्येबरोबर अनेक घरांचाही लाभ होईल.